डोळ्याच्या खुणेखालचं नाव

आमच्या ह्यांचं नाव राजशेखर, पण ते फक्त आधार कार्डावर. सोलापुरात आमच्या बाळीवेशीत आणि शाळेच्या गेटवर सगळे त्यांना व्हॅनकाका म्हणतात. पोरांना शाळेत सोडायचं आणि घरी आणायचं, सगळा जन्म ह्याच धंद्यात गेला. आधी रिक्षा होती, मग पिवळी व्हॅन आली. ज्यांना दप्तरासकट उचलून आत बसवलं त्यांची लेकरं आता त्याच सीटवर बसतात. ह्यांची रीत ठरलेली. दारात गाडी आली, एकदा हॉर्न वाजला आणि पोरगं बाहेर दिसलं न्हाय तर गाडी पुढं. आई एक बूट हातात घेऊन मागनं पळत येऊ दे, न्हायतर बाप लुंगीवर येऊ दे, गाडी थांबायची न्हाय. मी म्हणायची, "अहो, लेकरू हाय. जरा थांबलात तर काय आभाळ कोसळणार हाय का?" तर म्हणायचे, "एकासाठी थांबलो तर बाकीच्यांना उशीर." बोलणं बरोबरच हाय. पण कायम बरोबर असणाऱ्या माणसासंगं संसार करणं किती अवघड, ते मला विचारा.

मी काशम्मा. माहेर दुधनीचं. तोंडाची फटकळ हाय, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुमाला दुसऱ्या कुणाकडनं ऐकायला नको.

तर अशा ह्या माणसानं यंदाचा सगळा उन्हाळा फोटो काढत घालवला. खारीचे, बगळ्यांचे, माठांचे, झाडांचे. आमच्या लग्नात फोटोवाला "जरा हसा" म्हणला तर हे त्याला म्हणले होते, "तू तुझं काम कर." त्या माणसाबद्दल मी सांगतेय, ध्यानात ठेवा.

आमाला एकच लेक. शिवलीला. घरात लीलू म्हणायचो. रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि कुर्डुवाडीला एका लॅबमध्ये नोकरीला लागली. रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. तितंच दिग्विजय भेटला. करमाळ्याकडचा, मराठ्याचा पोरगा, रेल्वेच्या कारखान्यात कामाला. पोरगा चांगलाच होता, पण आमी लिंगायत, आणि ह्यांनी अक्कलकोटच्या एका घरी शब्द देऊन ठेवलेला. लेकीला विचारलं न्हाय. मी म्हणलं होतं विचारा, तर म्हणाले, "तिला काय विचारायचं, ती काय न्हाय म्हणणार हाय?"

ती न्हाय म्हणली. आडून न्हाय, चोरून न्हाय. रात्री जेवताना ताटावर बसून सांगितलं, "अप्पा, मी दिग्विजयशीच लग्न करणार. तुमी हो म्हणलात तर मांडवात, न्हाय म्हणलात तर कोर्टात."

हे ताटावरनं उठले. "कोर्टात कर. मग ह्या घरात पाय ठेवू नको."

बापाचीच लेक ती. चार दिवसांनी पिशवी भरली. ती उंबऱ्यात उभी असताना हे माझ्याकडं वळले आणि तिला ऐकू जाईल असं म्हणले, "आजपासनं हिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय. हिला फोन करायचा न्हाय, हिचा घ्यायचा न्हाय. तुला माझ्या गळ्याची शपथ."

बघा हुशारी. शपथ मला, गळा ह्यांचा. मोडली तर कपाळ माझं पांढरं. हे शिकली-सवरलेली माणसं हसण्यावारी नेतील. पण आमच्या दुधनीकडं बाई देवाची शपथ मोडंल, नवऱ्याच्या गळ्याची मोडत न्हाय. लीलूनं कोर्टात लग्न केलं आणि पहिल्या महिन्यात दोनतीनदा फोन केला. माझा आपला बटणाचा साधा फोन. मी लाल बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. मग तिनं करायचं सोडलं. तिनं शपथ ऐकली होती, ती समजली असणार. कुर्डुवाडी हितनं काय लांब हाय? सकाळी निघालं तर जेवायला घरी परत येता येतं. आणि दोन वर्षं मी लेकीचं तोंड बघितलं न्हाय.

आता ह्या उन्हाळ्याचं. एप्रिलात शाळा सकाळची झाली, पुढं सुटलीच. दरवर्षी सुट्टीत हे काय करायचे? टॉवेल ओला करून छातीवर टाकायचे आणि पंख्याखाली पडून मला हाका मारायचे. पाणी दे. ताक दे. तो पडदा ओढ. यंदा एक दिवस सकाळी अंगणात बघते तर हे व्हॅनपुढं उभे. व्हॅनच्या टपावर रात्रीत कडुलिंबाचा मोहोर पडलेला, बारीक पांढरा सडा. एरवी तो दिसला की झाडू मागणार. त्या दिवशी खिशातनं फोन काढला. शाळेनं पालकांचा ग्रुप करायला लावला म्हणून घेतलेला मोठा फोन, त्याच्यावर हे फक्त "गाडी निघाली" आणि "गाडी आली" एवढंच लिहायचे. तो फोन दोन्ही हातांनी धरला आणि मोहोराचा फोटो काढला. मी म्हणलं ऊन लागलं की काय माणसाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी चप्पल घालून बाहेर. सिद्धेश्वर तलावावर गेले होते. परत येऊन चहा पिताना फोनवर बगळे बघत बसले. पुढं हे रोजचंच झालं. माठवाल्याची रांग. कलिंगडाच्या ढिगाला टेकून झोपलेला म्हातारा. टँकर यायच्या आधी नंबर लावून ठेवलेल्या घागरी, आणि घागरींच्या मधी बसलेलं मांजर. भर दुपारची नवी पेठ, सगळी दुकानं अर्ध्या शटरवर आणि रस्त्याच्या मधोमध एकटी गाय. बहाव्याचं झाड, पिवळंधमक. ताडगोळे सोलणाऱ्या बाईचा तर हातच नुसता. पहिले पहिले फोटो असे यायचे की खार म्हणून दाखवलं तर निम्मी शेपटी. मग हळूहळू खारीचं तोंड बी यायला लागलं. एकदा पिंपळावर तांबट पक्षी टुकटुक करत होता, तर हे मान वर करून इतका वेळ उभे, की कस्तुराबाई शेजारीण मला येऊन विचारून गेली, "काशम्मा, मालकांची मान आखडलीय का गं?"

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. फोटो काढला की हे फोनवर कायतरी दाबायचे, आणि मग दिवसभर घटकेघटकेला फोन उघडून बघायचे. कधी कपाळाला आठी, कधी मिशीत हसू. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे की. म्हणलं ह्या वयात हे काय नवीन. एक दिवस हे आंघोळीला गेल्यावर मी फोन उचलला आणि कस्तुराबाईच्या नातीला, वैष्णवीला, हाक मारली. पोरगी कॉलेजात हाय, तिला सगळं कळतं.

"काकू, हा काकांचा स्टेटस हाय," ती म्हणली. "फोटो टाकला की सगळ्यांना दिसतो, दुसऱ्या दिवशी आपोआप जातो. आणि हा डोळा काढलाय बघा खाली, तो दाबला की कुणी कुणी बघितलं त्यांची नावं येतात."

तिनं डोळा दाबला. नावं आली. सगळे व्हॅनमधल्या पोरांचे आईबाप. आणि सगळ्यांत खाली, म्हणजे सगळ्यांच्या आधी बघितलेलं, एक नाव. लीलू. नुसतं लीलू.

"ती बघती?" मी विचारलं.

"रोज बघत असणार. पण काकू, दोघांनी एकमेकांचा नंबर ठेवला असंल तरच हे दिसतं बरं का. एकानं जरी पुसला तरी न्हाय." बोलून झाल्यावर पोरीला कळलं आपण काय बोललो. तिनं फोन पटकन माझ्या हातात दिला.

मला आधी आला तो राग. खरं सांगते. स्वतःच्या गळ्याची शपथ घालून दोन वर्षं मला मुकं केलं, आणि हा गडी मागच्या दारानं लेकीला रोज सोलापूर दाखवतोय. म्हणे नाव काढायचं न्हाय, फोन करायचा न्हाय. बगळा दाखवायचा न्हाय असं कुटं म्हणले होते? स्वतःच्या शब्दाला स्वतःच भोक पाडून बसलाय. बादलीचं पाणी पडायचा आवाज न्हाणीतनं येत होता आणि माझ्या मनात आलं, आत्ता दार वाजवून विचारावं. पण मग लीलूचं ते नाव परत बघितलं आणि राग गेला कुटल्या कुटं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. माझी लेक रोज सकाळी आमच्या गावाकडं बघती, एवढं तरी कळलं.

मी ह्यांना काही बोलले न्हाय. बोलले असते तर बंद केलं असतं. हट्टी माणसाला उघडं पाडलं की तो आणखी हट्ट धरतो. मी दुसरंच सुरू केलं. ह्यांच्या वाटेत गोष्टी ठेवायला लागले. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, तर नेहमी कोपऱ्यात घालते, त्या दिवशी धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर मधोमध घातल्या, गोल गोल, सरळ ओळीत. खाली येऊन म्हणलं, "कावळे लई झालेत. जरा राखण करता का?"

दरवर्षी हे म्हणतात, "मी काय बुजगावणं हाय?" यंदा टोपी घालून मुकाट वर गेले. दुपारी लेकीनं कुरडया बघितल्या. शेवया झाल्या, सांडगे झाले, शेंगदाणे भाजून टरफलं पाखडली. सगळ्याचे फोटो निघाले. "आज काय वाळत घालणार?" म्हणून स्वतः विचारायला लागले. मी म्हणायची, "का हो, खायला पाहिजे का नुसतं बघायला?" तर म्हणायचे, "तू लई बोलतीस."

फोटोत मला मात्र कधी घेतलं न्हाय. मी समोर आले की फोन खाली. "जरा बाजूला हो." आधी वाईट वाटायचं. मग समजलं, झाडं-पाखरं दाखवली तर ती गावाची गंमत. बायको दाखवली तर लेकीला आई दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणजे शब्द मोडला. ह्यांचा आपला ह्यांनीच आखलेला कायदा, आणि तो हेच पाळणार.

एक दिवस सकाळपासनं डोळ्याच्या खुणेखाली लीलूचं नाव आलं न्हाय. मी बघितलं न्हाय, ह्यांच्या तोंडावरनं कळलं. भाकरी अर्धी टाकली. व्हॅनचं बॉनेट उघडून उगाच आत बघत बसले. रस्त्यावरनं जाणाऱ्या एका पालकाला म्हणाले, "कुर्डुवाडीकडं लाईट गेलीय का ओ?" त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. संध्याकाळी नाव आलं असणार, कारण हे आपणहून म्हणले, "चल, कांदाभजी कर." मी केली. मीबी खाल्ली, पोटभर.

असं मेच्या मध्यापर्यंत चाललं, आणि मग धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना. ह्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला कपडे करायचे, लेकीची ओटी भरायची. आमच्या दुधनीकडं ह्याचं एवढं न्हाय, पण सोलापुरात जात कुटलीबी असू दे, सगळ्या गल्लीत जावई जेवतात. आणि लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना तर चुकवतच न्हाईत. तो चुकला की माणसं समजून जातात, ह्यांनी लेक सोडली. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तोवर लीलूला लेकरूबाळ होईल आणि ते आजोळ न्हाय असं समजून मोठं होईल. गल्लीत रोज कुणाच्या तरी घरात तळणाचा वास. मी दार लावून घ्यायची.

एका रविवारी सकाळी हे म्हणले, "आज पुरण घाल. धोंडे कर."

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी. आपण माणसं न्हाय का?"

मी तोंडाकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते. मी डाळ शिजत टाकली. आमटी केली, शेंगापोळ्या लाटल्या, कुरडया तळल्या. तेवढ्यात ह्यांनी माळ्यावरनं दोन पाट काढले, पुसले, मांडले. मला म्हणाले, रांगोळी काढ. मी काढली. दोन ताटं वाढून मांडायला लावली. एका पाटाशेजारी घडी केलेलं कोरं कापड ठेवलं, पँट-शर्टाचं. कधी आणून ठेवलं होतं, देव जाणे. मग मला बाजूला व्हायला सांगितलं, उकिडवं बसून फोटो काढला आणि फोनवर टाकला. आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले, बोळाच्या तोंडाकडं तोंड करून.

तेव्हा कुटं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस जावयाला जेवायला बोलावतोय.

लीलूनं फोटो बघितला. लगेच बघितला, ते ह्यांच्या बसण्यावरनं कळलं, एकदम ताठ झाले. कुर्डुवाडीकडनं येणाऱ्या पहिल्या रेल्वेला अजून वेळ होता. गाडीची वेळ झाली, गेली. पालकांचे फोन यायला लागले, "काका, आज काय विशेष? आमाला बी बोलवा की." कस्तुराबाई दारात येऊन म्हणली, "व्हॅनकाका, जावई येणार वाटतं?" हे "न्हाय" म्हणले आणि परत बोळाकडं बघायला लागले. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. मी दोनदा आत बोलावलं, आले न्हाईत. धोंडे गार झाले. शेंगापोळीवरचं तूप थिजायचं सोडा, ह्या उन्हात पातळच राहिलं, पण पोळी वातड झाली. चार वाजून गेल्यावर हे आत आले, पाटापुढं उभे राहिले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीचं नाव घेतलं.

"लीलूनं बघितलं," म्हणले. "बघून बी आली न्हाय."

आणि खाली बसले, भिंतीला टेकून. एवढा मोठा माणूस असा बसलेला मला बघवेना. पण माझं तोंड काही गप्प बसायचं न्हाय.

"कशी येईल?" मी म्हणलं. "जावयाला असं जेवायला बोलावतात? ताटाचा फोटो सगळ्या शाळेला दाखवायचा आणि कुर्डुवाडीच्या जावयानं ओळखायचं, की हे मला हाय? कुंकू लावायला कोण गेलं? नारळ कुणी दिला? एवढ्या वर्षांत पोरांना दारात जाऊन आणलंत की न्हाय? मग आपल्याच लेकीच्या दारात जायला काय पाय मोडलेत?"

"तुला कधीपासनं ठाऊक हाय?"

"कुरडया पांढऱ्या धोतरावर घातल्या तेव्हापासनं."

ह्यावर ह्यांना हसू आलं असतं, पण रडूच आलं. मी शेजारी बसले. म्हणलं, "जाऊ आपण. पण आधी माझी शपथ सोडवा. तशी मी एक पाऊल टाकणार न्हाय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुटली," म्हणले. मग परत म्हणले, "सुटली, सुटली."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. ह्यांना पुरं तिकीट, मला अर्धं. धोंडे मी पहाटे नव्यानं केले होते, डबा मांडीवर. नारळ, कुंकू, कापड आणि ओटीचं सामान पिशवीत. मोहोळ गेलं. खिडकीतनं गुलमोहर जात होते, कॅनॉल गेला, एका तळ्यावर बगळे बसलेले. फोन खिशातच. कुर्डुवाडीत उतरून रेल्वेची क्वार्टर्स विचारत गेलो. दाराशी आल्यावर हे माझ्या मागं उभे राहिले. दार मी वाजवलं.

लीलूनंच उघडलं. वाळली होती जरा. मला बघितलं आणि "अव्वा" म्हणून गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले, दोघी रडलो. मग तिनं माझ्या खांद्यावरनं मागं बघितलं आणि सरळ उभी राहिली.

आत गेलो. दोघं अजून कामाला निघाले नव्हते. दिग्विजयनं खुर्च्या पुढं केल्या, पंखा वाढवला, पाणी आणून दिलं, आणि ह्यांच्या पाया पडला. ह्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. म्हणले, "धोंड्याचा महिना हाय. दोघं जेवायला या घरी."

दिग्विजय लीलूकडं बघायला लागला. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. हुबेहूब बाप.

"मी येणार न्हाय," ती म्हणली.

"लीलू," मी म्हणलं.

"थांब अव्वा. मला बोलू दे. ज्या घरात माझं नाव काढायचं न्हाय, तितं मी पाटावर बसून धोंडे खाऊ? आज अव्वा मागं लागली म्हणून तुमी आलात, अप्पा. उद्या गल्लीत नाव राहिलं म्हणून बरं वाटंल तुमाला. पण दोन वर्षांत तुमी काय केलंत माझ्यासाठी? अव्वानं बघा. तुमची शपथ तिनं मोडली न्हाय, फोन केला न्हाय, तरी तुमचा फोन चोरून उन्हाळाभर मला रोज एक फोटो टाकला. रोज. तुमाला कळलं तर तुमी तिला काय बोलाल, ह्या भीतीनं मी एकदाबी उत्तर दिलं न्हाय. काल तिनं ताटं मांडली. मी इतकी रडले, विचारा ह्याला. पण तुमी घरात असताना मी कशी येणार होते?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी?" मी म्हणलं. "अगं, मला फोटो कुटं काढता येतंय? मला तो फोन चालू करायला वैष्णवी लागती."

"उगाच खोटं बोलू नको. एका बी फोटोत तू न्हाईस. म्हणजे काढणारी तूच. मी कवाच ओळखलं."

हे खुर्चीत खाली मान घालून बसले होते, चोरी पकडल्यासारखे. मी म्हणलं, "आता बोला की. का हे बी मीच सांगायचं?"

"मी काढत होतो," हे म्हणले. आवाज असा बारीक, की मलाच अनोळखी वाटला. "तिला येत न्हाय त्यातलं काही. मीच काढायचो. सकाळी जाऊन."

लीलूनं हाताची घडी सोडली.

"का?"

"करमत नव्हतं," हे म्हणले. "तुझ्याशिवाय करमत न्हाय गं मला. शाळा सुटली की आणखीच न्हाय करमत. फोन कसा करणार, मीच न्हाय म्हणलेलो. म्हणलं दिसलं तर दिसंल तुला. आणि ते कालचं जेवण बी तुझंच होतं."

ती हळूच येऊन ह्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"अप्पा, मी एकूण एक फोटो बघितला," ती म्हणली. "सगळे अव्वाचे म्हणून बघितले. तुमचा म्हणून एक बी न्हाय बघितला."

ह्यांनी खिशातनं फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"मग आता बघ की," हे म्हणले.